पाठीला रंग, बैठकीला कापड: दोन जुन्या खुर्च्यांचं प्रकरण

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतला फ्लॅट. 1980च्या दशकात सुताराला घरी बसवून करून घेतलेला सोफासेट; त्यातला तिघांचा सोफा कधीच भंगारात गेला, हातांच्या दोन खुर्च्या तेवढ्या उरल्या. डाळिंबी रंगाचं फुलाफुलांचं जाड कापड, सागवानी पाय आणि पाठीवर क्रोशाचे पांढरे रुमाल. घरात शाळेतून निवृत्त झालेल्या काकू, त्यांचा मुलगा आणि सून. सुनेला खुर्च्या फिक्या राखाडी हव्या होत्या. काकूंना आहेत तशाच हव्या होत्या. मुलाचं मत, ‘दोन्ही विकून टाकू आणि नवीन आणू.’

कुशनवाल्याने दोन्ही खुर्च्या पूर्ण उघडून, नवा फोम घालून, नवं कापड चढवून देण्याचे नऊ हजार सांगितले होते, कापडाचे पैसे वेगळे. सोफ्याच्या कापडाचा पन्हा 54 इंची असतो. असं कापड दोन्ही खुर्च्यांना मिळून सहा मीटर लागणार. 450 रुपये मीटरने धरलं तर आणखी 2,700. सुनेने मोबाइलवर कापडालाच रंग देऊन खुर्ची पालटल्याचे व्हिडिओ पाहिले होते. तिने मला विचारलं ते एवढंच: हे कापड रंगवता येईल का?

येईल, पण सगळं नाही. रंगाने खुर्चीचं रूप बदलतं, बसणं सुधारत नाही. ज्या भागाला माणूस फक्त बघतो तो भाग रंगवावा, ज्यावर तो बसतो तो रंगवू नये. व्हिडिओंत हा फरक दिसत नाही, कारण रंगवलेल्या खुर्चीवर सहा महिने बसलेलं कोणी दाखवत नाही.

खुर्ची उलटी केल्यावर

कापडाकडे बघण्याआधी खुर्ची उलटी करायची. खालचं काळं कापड फाडलं तेव्हा नवार सैल पडून झोळी झालेली दिसली. वरून बैठक दाबली की आत करकर आवाज व्हायचा आणि खाली पिवळट भुकटी पडायची. जुना फोम वर्षानुवर्षांच्या हवेने आणि दमटपणाने असा भुगा होतो. त्याच्यावरचं कापड कितीही सुंदर रंगवलं तरी बसणाऱ्याला आतली फळी टोचणारच.

पाठीचा मामला वेगळा निघाला. पाठीत फोम नव्हता, काथ्या आणि वर कापसाचा पातळ थर होता, आणि तो अजून घट्ट बसलेला होता. काथ्याचं हेच चांगलं असतं, नीट भरला तर पिढीभर टिकतो. दिसणारं लाकूड सागवान आणि आतला सांगाडा जंगली लाकडाचा, त्या काळच्या बहुतेक सोफ्यांत असतो तसा. आतल्या लाकडात किड्याची बारीक भोकं होती, म्हणून खुर्ची रात्रभर काळ्या कागदावर ठेवली. सकाळी कागदावर ताजा भुसा नव्हता, म्हणजे प्रकरण जुनं होतं. भुसा असता तर रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी औषध मारावं लागलं असतं. एका खुर्चीचा मागचा पाय सांध्यात हलत होता. जुना सरस खरवडून, फेविकॉल भरून, शिकंज्यात आवळून तो दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला.

म्हणजे पाठ जिवंत आणि बैठक मेलेली. इथेच निम्मा निर्णय झाला.

कापड काय म्हणतं

शिवणीच्या आतून एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवला. कागद जळल्यासारखा वास, मऊ राख आणि टोकाला एक बारीकसा कडक मणी. म्हणजे मुख्यतः सुती, थोडं पॉलिएस्टर मिसळलेलं. रंगवायला हे कापड चांगलं. सुती धागा पाणी पितो, त्यासोबत रंग आत ओढून घेतो. निव्वळ पॉलिएस्टर असेल तर रंग धाग्यावर बसतो, धाग्यात शिरत नाही. मखमलीची किंवा लव असलेल्या कापडाची खुर्ची तर रंगवायलाच घेऊ नये, लव एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. रेक्झिनचंही तेच. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू वर येतं, आणि त्यामुळे वरचा रंग महिनोन्महिने चिकट राहू शकतो.

मग थेंबाची परीक्षा. पाठीच्या मधोमध पाण्याचा थेंब टाकला, लगेच मुरला. डोकं टेकतं तिथे टाकला, तर तसाच मण्यासारखा बसून राहिला. खोबरेल तेल! क्रोशाचे रुमाल काकूंनी नंतर विणले; त्याआधीची कितीतरी वर्षं घरातली तेल लावलेली डोकी तिथे थेट टेकत होती. तेलावर पाण्याचा रंग धरत नाही, आणि धरलासा वाटला तरी पापुद्रा होऊन सुटतो. जुनी खुर्ची रंगवताना आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ याच जागी होतो, आणि परदेशी व्हिडिओंत याचा उल्लेखही नसतो, कारण तिथे डोक्याला तेल चोपडून कोणी सोफ्यावर बसत नाही.

तेल काढायचा उपाय घरगुतीच होता. त्या जागी मक्याचं पीठ दाबून रात्रभर ठेवलं, सकाळी ब्रशने झाडून काढलं. मग भांड्याच्या लिक्विडचा नुसता फेस स्पंजवर घेऊन पुसलं, नंतर स्वच्छ ओल्या फडक्याने. कापड भिजवायचं नाही, नाहीतर आतल्या काथ्याला ओल धरते आणि कुबट वास येतो. थेंब मुरेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा केलं. शेवटी थेंब मुरायला लागला, पण पाठीच्या बाकी भागाइतक्या पटकन नाही. हे लक्षात ठेवूनच पुढचं काम केलं.

रंग कोणता

कुशनवाल्याला आधी फक्त बैठका उघडायला लावल्या, आणि निघालेलं जुनं कापड ठेवून घेतलं. तेच कापड, तेवढंच जुनं, तेवढंच वापरलेलं. चाचणीला याहून चांगला तुकडा बाजारात मिळणार नाही. ज्यांना कापड उघडायचंच नाही त्यांनी खुर्चीच्या बुडाशी दुमडून ठोकलेली पट्टी शोधावी.

तुकड्यांवर वेगवेगळे प्रकार लावून पाहिले. भिंतीचं इमल्शन घट्ट लावलं, तेव्हा पहिल्या दिवशी तेच सगळ्यांत देखणं दिसलं. वाळल्यावर तुकडा दुमडला, आणि घडीवर रंग तडकून आतली डाळिंबी रेघ दिसली. चॉक पेंटची, म्हणजे वाळल्यावर खडूसारख्या मॅट दिसणाऱ्या फर्निचरच्या रंगाचीही चर्चा झाली. ॲनी स्लोन या ब्रिटिश बाईंनी 1990 मध्ये तो बाजारात आणला, आणि कापडाच्या खुर्च्या रंगवायची हौस पसरवण्यात त्याचा मोठा हात आहे. पातळ करून लावला तर तो कापडात मुरतो हे खरं. पण वर मेण चोळावं लागतं, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये घामट हातांखाली ते मेण चिकट लागेल ही मला धास्ती होती. शिवाय त्या किमतीत निम्मी बैठक शिवून होते.

शेवटी कापडावर वापरायचा ॲक्रिलिक रंग घेतला, त्यात फॅब्रिक मीडियम मिसळून आणि भरपूर पाणी घालून. मीडियम म्हणजे ॲक्रिलिकच, फक्त जास्त लवचिक. ॲक्रिलिक रंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं आणि बारीक कण एकमेकांत मिसळून त्यांची सलग त्वचा बनते. ती त्वचा कापडाच्या वर एकसंध पसरली तर तडकते. प्रत्येक धाग्याभोवती सुटी-सुटी बसली तर कापड वाकतं. पाणी घालायचं, पातळ हात द्यायचे, ब्रशने चोळायचं, हे सगळं त्या दुसऱ्या गोष्टीसाठी. पातळ हात दिलेला तुकडा वाळल्यावर हाताला कांजी केलेल्या सुती साडीसारखा ताठ लागला, पण दुमडून तडकला नाही.

रंगछटेवरून मात्र घरात खरी चर्चा झाली. पातळ हाताचा रंग खालचा रंग झाकत नाही, त्यात मिसळतो. डाळिंबीवर फिका राखाडी आणायचा तर आधी पांढऱ्याचे हात द्यावे लागणार, मग राखाडीचे, आणि एवढ्या थरांनी कापडाचा पुठ्ठा होणार. सुनेला हे पटायला तो पुठ्ठा झालेला तुकडा हातात द्यावा लागला. हिरवा लावून पाहिला तर मातकट तपकिरी झाला. लालावर हिरवा गेला की दोघे एकमेकांना मारतात. निळा लावला तर जांभळ्याकडे झुकला. काकू लगेच म्हणाल्या, “पैठणीच्या काठासारखा जांभळा नको हं, दिवाणखाना आहे तो.” निळ्यात थोडा काळा घातला आणि शाईचा गडद निळा मिळाला, त्यावर तिघांचं एकमत झालं. कापडातली फुलं मुळात बदामी रंगाची, त्यामुळे त्यांच्यावर तोच निळा जरा उजळ दिसायला लागला. फुलं गेली नाहीत, निळ्यावर निळी झाली. विणीचा उठाव तसाच राहिल्याने ते छापील न वाटता विणलेलं वाटतं, आणि मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातली सगळ्यांत सुंदर गोष्ट ती आहे.

बैठकीचं नवं कापड मात्र रंग ठरवण्याआधी आणलेलं होतं: रविवार पेठेतून घेतलेला निळसर जाड सुती कॅनव्हास. रंग कापडाला जुळवून घेता येतो, कापड रंगाला नाही. उलट क्रमाने गेलात तर दुकानामागून दुकान पालथं घालूनही ती छटा मिळत नाही.

काम

फेब्रुवारी निवडला तो मुद्दाम. हवा कोरडी, ऊन बेताचं. जुलैत हेच काम काढलं असतं तर दोन हातांमधला वेळ दुपटीने वाढला असता आणि काथ्यात ओल राहिली असती ती वेगळीच.

लाकडाच्या कडांना मास्किंग टेप लावली. झाडांना पाणी मारायच्या स्प्रेने पाठ हलकी ओली केली. कापड दमट असलं की रंग एका जागी न थबकता पसरतो. रंग आणि पाणी जवळपास समसमान. दोन इंची, राठ केसांचा ब्रश. आधी गोल फिरवत रंग विणीत चोळायचा, मग सगळे फटकारे एकाच दिशेने ओढून घ्यायचे, नाहीतर वाळल्यावर ब्रशच्या खुणा दिसतात. पायपिंगच्या, म्हणजे शिवणीवर बसवलेल्या कापडी दोरीच्या कडेला रंग साचतो, तो बारीक ब्रशने लगेच उचलायचा. पहिल्या हातानंतर खुर्ची भयंकर दिसते, कुठे निळी, कुठे डाळिंबी, कुठे नुसतीच ओली. काकूंनी त्या संध्याकाळी खुर्चीवर चादर टाकून ठेवली, पाहुणे येणार होते.

दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवला. रंगाने ताठ झालेले धाग्यांचे केस त्याने निघतात आणि हाताला खरखर लागत नाही. मग दुसरा हात. तिसरा फक्त जिथे डाळिंबी डोकावत होता तिथे, आणि तेलाच्या त्या जागी. दोन्ही खुर्च्यांच्या पाठी आणि हातांखालच्या बाजू मिळून अर्धा लिटर रंग पुरला, पाणी वेगळं.

कापडाचा रंग पक्का करायला इस्त्री लागते, आणि डबीवर ती उलट बाजूने करायला सांगितलेली असते. खुर्चीला उलट बाजू कुठून आणणार? मधे मलमलचा तुकडा ठेवून, वाफ बंद करून, वरूनच इस्त्री फिरवली, एका जागी न थांबता. आत काथ्या आणि कापूस होता म्हणून हे चाललं. आत फोम असता तर इस्त्री टेकवू दिली नसती, केस वाळवायच्या ड्रायरवर भागवलं असतं.

मग घासण्याची परीक्षा. पांढरा सुती रुमाल बोटाला गुंडाळून आधी कोरडा, मग ओला करून पाठीवर जोरात घासला. कापडाच्या प्रयोगशाळांत आयएसओ 105-एक्स12 या मानकाप्रमाणे यंत्र हेच करतं: पांढरं सुती कापड घासायचं आणि त्यावर उतरलेला डाग 1 ते 5 च्या करड्या पट्टीशी ताडून गुण द्यायचे, 5 म्हणजे डागच नाही. आमच्या कोरड्या रुमालावर काही आलं नाही. ओल्यावर निळसर सावली आली. आणखी आठवडाभर खुर्च्या तशाच ठेवून पुन्हा घासलं, सावली फिकी झाली पण पुरती गेली नाही. याचा सरळ अर्थ असा की मे महिन्यात घामाने भिजलेला पांढरा सदरा घालून कोणी पाठ टेकून बसलं, तर सदऱ्याची हमी मी देणार नाही. क्रोशाचे रुमाल पुन्हा पाठीवर गेले, या वेळी थोडे खाली ओढून. गडद निळ्यावर पांढरा क्रोशा इतका उठून दिसला की रुमालांना ‘जुनाट’ म्हणणाऱ्या सुनेने ते स्वतः धुऊन, स्टार्च करून आणले.

लाकडाला हात लावायचा का

पाय पांढरे करायचे हा सुनेचा दुसरा बेत होता. त्याला माझा विरोध होता, आणि तो मी लपवला नाही. सागवान रंगवणं गुन्हा नाही, पण सागातलं तेल आणि रंगद्रव्य पांढऱ्या रंगातून पिवळसर डाग होऊन वर येतं. ते अडवायला आधी लाखेचा थर द्यावा लागतो. एवढं करून वर पांढरा रंग, आणि झाडूच्या पहिल्या फटक्याला त्याचा टवका. पायांच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा लावला तर जुनं पॉलिश विरघळून तपकिरी उतरलं, म्हणजे ते लाखेचंच होतं. लाखेचं पॉलिश खरवडून काढावं लागत नाही. स्पिरिटने मळ पुसून, मलमलच्या चिंधीत कापूस गुंडाळून नवे हात दिले, जुनं-नवं एकजीव झालं.

हातांच्या वरच्या पट्ट्यांची गोष्ट निराळी होती. घराला रंग देताना कधीतरी रंगाऱ्याने त्यांनाही तपकिरी ऑइल पेंट मारून टाकला होता. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) करणारे नियम 2016 साली निघाले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असेल असं धरूनच चालावं. म्हणून कोरडं घासलं नाही. काळा वॉटर पेपर पाण्यात बुडवून, मास्क लावून, गॅलरीत बसून घासलं. निघालेला चिखल वर्तमानपत्राने टिपून पिशवीत बांधला. शेजारचं लहान मूल बघायला यायचं, त्याला तेवढे दिवस दार बंद. खालून साग निघाला, मधासारख्या रंगाचा. तिथे मात्र लाख नाही लावली. गरम चहाचा कप ठेवला की लाखेवर पांढरं कडं उमटतं, आणि या घरात चहाचे कप खुर्चीच्या हातावरच ठेवले जातात. तिथे मॅट पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन वार्निशचे दोन हात दिले.

बैठका कुशनवाल्याने केल्या: नवी नवार, 40 डेन्सिटीचा चार इंची फोम, वर कॅनव्हास. त्याने रंगवलेली पाठ बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाला, “मॅडम, हे पुढे कधी शिवायचं झालं तर सुई तुटेल.” बरोबर होतं त्याचं. रंगवलेलं कापड पुन्हा उसवून वापरता येत नाही, ते त्याचं शेवटचं आयुष्य.

खर्च असा झाला: रंग आणि मीडियम 950, फोम 1,400, नवारीसह मजुरी 2,400, दीड मीटर कॅनव्हासचे 675, पॉलिश-पेपर-पीयू मिळून 700. एकूण 6,125 रुपये. पूर्ण नवं कापड चढवलं असतं तर 11,700, आणि पॉलिश त्यात धरलेलं नाही. घरच्यांनी केलेल्या श्रमाची किंमत लावली तर फरक बराच कमी होतो. ज्याच्याकडे वेळ नाही किंवा ज्याची पाठही मेलेली आहे, त्याने सरळ कुशनवाल्याकडे जावं.

पावसाळ्यानंतर

दिवाळीआधी खुर्च्या पुन्हा पाहिल्या. हातांखालच्या बाजू जशा रंगवल्या तशाच होत्या. पाठीवर रंग कुठे तडकलेला नव्हता, कुबट वासही नव्हता. तेलाच्या जागी तिसरा हात देऊनही एका खुर्चीवर तळहाताएवढा भाग जरा तुकतुकीत झाला होता. रुमालाखाली तो झाकला जातो, पण आहे. झिजली ती पायपिंग, पाठीच्या अगदी वरच्या कडेची. केर काढताना खुर्ची तिथेच धरून ओढली जाते, आणि उठावाच्या त्या दोरीवरचा निळा जाऊन डाळिंबी रेघ स्पष्ट दिसायला लागली होती. सुनेने उरलेल्या बाटलीतला रंग एकदा लावून पाहिला, तो महिनाभर टिकला.

काकूंना ती डाळिंबी कड आवडते, सुनेला नाही. जुनी पायपिंग कापून काढून उरलेल्या निळ्या कॅनव्हासची नवी, हाताने टाके घालून लावायची, असं कुशनवाल्याशी बोलून ठेवलंय. दोन्ही खुर्च्यांचे मिळून त्याने सहाशे सांगितलेत, सुईचे पैसे धरून.